भैरवी राखून ठेवलेली वर्णमाला

आम्ही आठजण एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. रागसंगीताची जुनी ध्वनिमुद्रणे एकमेकांना पाठवता पाठवता ओळख झाली आणि ती टिकली. आठांपैकी दोघे काका तबला शिकलेले, एक ताई अनेक वर्षे गाणे शिकवत असलेल्या, एकजण सतार वाजवणारा आणि उरलेले आम्ही चौघे केवळ ऐकणारे. बरीच वर्षे ऐकत आल्यामुळे आपल्याला पुष्कळ कळते असे मला वाटत असे. कोणता कलाकार कोणत्या घराण्याचा, कोणाचे गुरू कोण, कोणता राग कोणत्या प्रहराचा, हे मी बहुतेक वेळा बिनचूक सांगू शकत होते. ताईंनी वर्णमालेच्या क्रमाने प्रश्नमंजुषा खेळण्याची कल्पना मांडली, तेव्हा या माहितीच्या बळावरच मी उत्साहाने होकार दिला.

खेळ ठरला तो असा. दर रविवारी एक अक्षर घ्यायचे. ज्याची पाळी असेल त्याने त्या अक्षराने सुरू होणारी सहा उत्तरे निवडायची. ती रागाची, तालाची, कलाकाराची, वाद्याची, गायनप्रकाराची किंवा शास्त्रातल्या एखाद्या संज्ञेची असली तरी चालतील. मात्र सहांपैकी निदान तीन प्रश्न ऐकवून विचारायचे, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावायचा आणि राग, ताल किंवा आवाज ओळखायला सांगायचा. जो पहिल्यांदा उत्तर देईल त्याला दोन गुण, नंतरच्यांना एक. नियम एवढेच होते, आणि पहिल्या महिन्याभरात त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम आम्हांला बदलावा लागला.

पहिला पेच नावांचा होता. ‘अ’ च्या दिवशी उत्तरांची इतकी दाटी झाली की निवडणाऱ्याला काय गाळावे हेच कळेना. अहिर भैरव, अडाणा, अल्हैया बिलावल हे राग बाजूला ठेवले तरी अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ, अमीर खाँ, अली अकबर खाँ, अल्लारखा, अन्नपूर्णादेवी एवढी माणसे एकाच अक्षरात येऊन बसतात. म्हणजे जयपूर-अत्रौली, किराणा, इंदूर आणि मैहर ही घराणी एका रविवारी एका ओळीत. पण नावातले पहिले अक्षर कोणते धरायचे? ‘पंडित’ आणि ‘उस्ताद’ धरायचे नाहीत, यावर एकमत झाले. कुमार गंधर्वांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली; मग ते ‘क’ मध्ये की ‘श’ मध्ये? सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते ‘स’ मध्ये की ‘र’ मध्ये? श्रोते ज्या नावाने ओळखतात त्याच नावाचे अक्षर धरायचे, असे शेवटी ठरले. परिणाम असा झाला की कुमार गंधर्व ‘क’ मध्ये गेले, छोटा गंधर्व ‘छ’ मध्ये, बालगंधर्व ‘ब’ मध्ये आणि सवाई गंधर्व ‘स’ मध्ये, आणि ‘ग’ च्या दिवशी एकही गंधर्व हाती लागला नाही.

रागांच्या नावांचा पेच त्याहून नाजूक होता. बसंत की वसंत, बिभास की विभास, ललत की ललित? आपल्याकडे दोन्ही रूपे सर्रास चालतात, आणि ती बोलणाऱ्याच्या शिक्षणावर अवलंबून असतात. इथे आम्ही भांडलो नाही. ज्याची पाळी असेल तो जे रूप धरेल ते चालवून घ्यायचे, पण एकदा येऊन गेलेला राग दुसऱ्या अक्षरात पुन्हा घ्यायचा नाही. झाकीर हुसेन मराठीत ‘झ’ ने लिहितात म्हणून ते ‘झ’ मध्ये राहिले आणि त्या अडलेल्या अक्षराला मोठा आधार झाला, कारण झिंझोटी, झपताल, झुमरा आणि वादनातला ‘झाला’ हा प्रकार संपल्यावर ‘झ’ मध्ये फारसे काही उरत नाही.

‘ऋ’ हे अक्षर आले तेव्हा आम्ही ते गाळणार होतो. सतार वाजवणारा मित्र म्हणाला, “ऋषभ आहे की! मला द्या ते अक्षर.” त्याने सहाही प्रश्नांचे उत्तर ‘ऋषभ’, म्हणजे ‘रे’ हा स्वर, हेच ठेवले आणि विचारले मात्र निराळेच: तुकडा लावायचा आणि त्यात ऋषभ शुद्ध आहे, कोमल आहे की मुळीच नाही, ते सांगायचे. मालकंसात तो नाही हे पाठ असल्यामुळे मालकंस ओळखला की उत्तर मिळते. पण त्याने लावलेला हिंडोल मी त्याआधी क्वचितच ऐकला होता. राग न ओळखता, केवळ षड्ज (सा) आणि गांधार (ग) यांच्या मधली जागा रिकामी आहे हे ऐकून उत्तर देणे ही वेगळीच गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. मला सहांपैकी दोन आले.

‘क’ ही माझी पाळी होती. केदार, कामोद, कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांच्या बरोबरीने मी केसरबाई केरकरांवर एक प्रश्न ठेवला होता, आणि तो मला सगळ्यांत चांगला वाटत होता. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात पाठवली. त्या प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तीत पृथ्वीवरचे निवडक संगीत आहे. त्यात कोणत्या भारतीय गायिकेचा आवाज आहे? मी प्रश्न पुरा करायच्या आतच पाच जणांचे उत्तर आले. उत्तर बरोबर होते. गाणे भैरवीतले आहे हेही दोघांनी लिहिले, आणि दुसरे यान निघाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्याच सप्टेंबरात, केसरबाई गेल्या हेही एकाने सांगितले. तेवढ्यात थोरले तबलजी काका म्हणाले, “अहो, पण ते गाणं ऐकलंय का कुणी?”

तिघांनी ऐकले होते. मी फार पूर्वी एकदा ऐकले होते. काका म्हणाले, “मग पहिली ओळ गुणगुणून दाखवा बरं.” मला ती आठवेना. ज्या तिघांनी ऐकले होते त्यांतल्याही एकट्या ताईंना ती म्हणता आली. काकांनी मला त्यावर काही सुनावले नाही, ते तसे माणूसच नव्हेत. पण प्रश्न विचारणारीलाच ते गाणे येत नव्हते, ही गोष्ट मला पुढचे कित्येक दिवस लागून राहिली. माझ्याकडे केसरबाईंचे नाव होते, साल होते, तबकडी कशाची होती तेही होते, आणि गाणे नव्हते.

‘ग’ च्या दिवशी तांत्रिक अडचणी शिगेला पोहोचल्या. गौड सारंगाचा विलंबित आलाप ताई व्हिडिओ कॉलवरून ऐकवत होत्या, आणि आम्हांला तानपुरा ऐकूच येत नव्हता. सुरुवातीला क्षणभर येई आणि मग विरून जाई, आणि गायिकेने एखादा स्वर लांबवला की तोही मधेच तुटे. याचे कारण सतारवाल्या मित्राने शोधून काढले. अशा कॉलमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट काढून टाकण्याची सोय असते, आणि एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे पंख्याचा किंवा यंत्राचा आवाज असणार, असे ती धरून चालते. तानपुरा हा नेमका एकसारखा घुमणारा आवाज असल्यामुळे ती त्याला पुसून टाकते. ती सोय बंद करता येते, पण आठही ठिकाणी ती बंद आहे याची खात्री देता येत नाही. ज्या आधाराशिवाय राग ओळखायचाच कसा, तोच नेमका गाळला जात असेल तर खेळात अर्थ नाही. म्हणून आम्ही ठरवले की तुकड्यांच्या फाइली आधी पाठवायच्या, त्यांना केवळ क्रमांक द्यायचे, आणि खूण केल्यावर प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर त्या ऐकायच्या. आधी ऐकायचे नाही आणि गाणे ओळखून देणारे ॲप लावायचे नाही, यासाठी विश्वासाखेरीज दुसरी कोणतीही व्यवस्था आम्ही केली नाही.

फाइली आल्या तसा ‘पहिल्याला दोन गुण’ हा नियमही गेला. कोणाचे उत्तर आधी पोहोचते हे ज्याच्या त्याच्या इंटरनेटच्या वेगावर ठरत होते. त्याऐवजी सगळ्यांनी उत्तर लिहून ठेवायचे आणि तीन म्हटल्यावर एकदम पाठवायचे, असे सुरू झाले. घाई संपली, आणि लोक तुकडा दोनदा, तीनदा ऐकू लागले.

त्याच रविवारी गौहर जान यांची एक जुनी तबकडी होती. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, आणि त्या सुरुवातीच्या कलाकारांत गौहर जान होत्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि गाणे संपता संपता गायिका आपले नाव मोठ्याने इंग्रजीत सांगून मोकळी होई. धाकट्या तबलजी काकांनी तुकडा मुद्दाम त्या नावाच्या अलीकडे कापला होता. आमच्यातल्या एकाने तरीही तो बरोबर ओळखला. कशावरून, असे विचारल्यावर त्याने सांगितले की ताना संपवण्याची घाई त्याला ऐकू आली होती. तीन मिनिटांच्या आत सगळे बसवायचे असल्यामुळे लय चढी धरावी लागते, आणि तबकडीवरची खरखर त्या काळाची होती. हे उत्तर मला फार आवडले. त्याने नाव आठवले नव्हते, आवाजातून काळ ऐकला होता.

मधली काही अक्षरे भराभर सरली. ‘घ’ मध्ये घराण्याखेरीज सांगण्यासारखे फार नसल्यामुळे तो रविवार सगळा घराण्यांचा झाला. ‘ठ’ म्हणजे ठुमरी. ‘ङ’ आणि ‘ञ’ सोडून दिले. ‘ण’ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, पण ताईंनी सुचवले की अक्षर शब्दाच्या पोटात असले तरी चालवू, आणि मग किराणा, अडाणा, गुणकली, रुद्रवीणा आणि आमोणकर अशी रांगच लागली. पुढे ‘ळ’ लाही हाच नियम लावला. त्या दिवशी उल्हास कशाळकर आणि अप्पा जळगावकर आले.

‘द’ च्या दिवशी मात्र खेळातला मोठा दोष उघडा पडला. एका तुकड्यात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच शुद्ध स्वर होते. हे स्वर भूपाचे, आणि देशकाराचेही. तुकडा ऐकला आणि आठांपैकी सातजणांनी ‘देशकार’ लिहिले, मीही. सगळे बरोबर. ताई मात्र खूश नव्हत्या. त्यांनी मला विचारले, “तुम्हांला देशकार ऐकू आला, की अक्षर ‘द’ आहे म्हणून भूप असणार नाही, असं ठरवलंत?” मी खरे ते सांगितले. आज ‘भ’ असता तर याच तुकड्याला मी बिनदिक्कत भूप लिहिले असते. आमच्यातल्या आणखी चौघांनी तेच कबूल केले.

अक्षर हे स्वतःच एक सूचना होते, आणि ती कानाचे काम परस्पर करून टाकत होती. तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. रागाच्या प्रश्नाला एकाच तुकड्याऐवजी दोन किंवा तीन तुकडे लावायचे, आणि त्यांतला या अक्षराचा कोणता ते विचारायचे. शिवाय उत्तरापुढे कारण लिहायचे. कारणाला वेगळा गुण. ताईंनी त्याच दिवशी भूप आणि देशकार एकापाठोपाठ लावून दाखवले. भूपात गांधार मोठा, सगळे फिरून फिरून तिथे येते, गाणे पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, खेळते. देशकारात धैवत मोठा, आणि पंचम-धैवताच्या आसपास वरच्या अंगाने राग उभा राहतो, गांधारावर तो मुक्काम करत नाही. भूप संध्याकाळी उशिरा आणि देशकार सकाळी गातात, हे मला माहीत होते. पण तो फरक कानाने कुठे शोधायचा हे माहीत नव्हते. वेळेचा उल्लेख आला म्हणून सांगते: आमच्यातला एकजण अर्ध्या जगापलीकडे राहतो, आणि आमची सकाळ ही त्याची रात्र असते. तोडीच्या रविवारी तो म्हणाला होता की मध्यरात्री सकाळची तोडी ऐकताना त्याला मनातून चुकल्यासारखे होते, आणि ते मला पूर्णपणे पटले.

‘ध’ ही थोरल्या काकांची पाळी होती. चौदा मात्रांचे ताल आतापर्यंत वेगवेगळ्या रविवारी विखुरले गेले होते: ‘आ’ मध्ये आडा चौताल, ‘झ’ मध्ये झुमरा, ‘द’ मध्ये दीपचंदी, आणि आज धमार. काका म्हणाले, “चौदा मात्रा आपण अक्षरांत वाटून टाकल्या. आज त्या एकत्र आणतो.” त्यांनी एकही बोल न उच्चारता केवळ हातावर टाळी आणि खाली (म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेण्याची जागा) दाखवली आणि ताल ओळखायला सांगितले. आडा चौताल दोन-दोन मात्रांच्या सात भागांचा, तो लगेच कळला. धमाराचे भाग पाच, दोन, तीन, चार असे असतात. पहिल्या टाळीनंतर दुसरी सहाव्या मात्रेवर येते, त्या लांब थांबण्यावरून तोही कळला. तिसऱ्या वेळी पहिली, चौथी आणि अकरावी टाळी, आठवी खाली. मी ‘दीपचंदी’ लिहिले. निम्म्यांनी ‘झुमरा’ लिहिले.

काकांनी दोन्ही उत्तरे बरोबर धरली आणि दोन्हींचा गुण कापला. दोहोंचे भाग तीन, चार, तीन, चार असेच आहेत आणि टाळ्या-खालीही त्याच जागी आहेत. हातावरून ते वेगळे करता येत नाहीत, आणि “सांगता येत नाही” हेच उत्तर त्यांना हवे होते. मग त्यांनी पढंत केली, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हटले. आधी दीपचंदी, मध्य लयीत, ठुमरीला धरतात तशी: धा धीं ऽ, धा धा तीं ऽ, ता तीं ऽ, धा धा धीं ऽ. प्रत्येक भागाच्या शेवटची मात्रा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेमुळे ठेक्याला एक हेलकावा येतो. नंतर झुमरा, बड्या ख्यालाच्या विलंबित लयीत, आणि तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी ‘तिरकिट’. काकांनी ते इतके सावकाश म्हटले की एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत मला दोनदा श्वास घ्यावासा वाटला, आणि ‘तिरकिट’ आले की पुढच्या भागाचे दार कोणी तरी उघडून धरल्यासारखे वाटे. दीपचंदीत ज्या जागी रिकामपण होते, झुमऱ्यात त्याच जागी भरणा होता. चौदा मात्रा त्याच, टाळ्या त्याच, आणि दोन ताल एकमेकांपासून किती दूर! मी झुमऱ्यातले ख्याल शेकडो वेळा ऐकले असतील, पण हात न हलवता नुसता तो ठेका कधी ऐकला नव्हता.

पुढचा धडा मला ‘प’ ने दिला. त्या दिवशी तीन तुकडे होते आणि त्यांतला पूरिया ओळखायचा होता. उरलेले दोन मारवा आणि सोहनी असणार हे सगळ्यांनाच कळले होते, कारण तिन्ही राग एकाच स्वरांचे आहेत: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. सोहनी वरच्या सप्तकात चमकत होती, ती पहिल्याच फेरीत बाजूला काढली. उरलेल्या दोहोंपैकी मी तिसरा तुकडा निवडला आणि कारण लिहिले: “पूरिया मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात रमतो, आणि हे गाणे खर्जात आहे.” उत्तर चुकले. तिसऱ्या तुकड्यात मारवा होता, अमीर खाँ यांचा, आणि त्यांचा आलाप खाली उतरून अतिशय सावकाश चालला होता. माझे कारण पुस्तकातले होते आणि खरेही होते, पण त्याने मला चुकवले.

ताई म्हणाल्या, “सप्तक ऐकू नका. थांबतात कुठे ते ऐका.”

त्या आठवड्यात मी एक वही घेतली, पानावर उभ्या रेघा मारल्या आणि दोन्ही रागांच्या आलापांची पहिली काही मिनिटे पुनःपुन्हा लावली. गायक जिथे थांबेल तो स्वर लिहायचा, एवढेच काम. ते फार कठीण गेले. मला स्वरज्ञान शिकवणीतले नाही, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर ध्वनिमुद्रण थांबवून, तानपुऱ्याचा षड्ज धरून, तिथपर्यंत स्वतः म्हणत पोहोचावे लागे. पण दोन पाने भरली तेव्हा ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी होती. पूरियाच्या पानावर गांधार आणि निषाद यांचीच गर्दी होती. मारव्याच्या पानावर ऋषभ, धैवत, पुन्हा ऋषभ, पुन्हा धैवत. आणि षड्जाच्या रकान्यात बराच वेळ काहीच नाही. गायक षड्जाच्या अवतीभोवती हिंडतो, त्याला ओलांडून जातो, पण त्यावर टेकत नाही. मारवा ऐकताना जी हुरहुर वाटते, जिला मी इतकी वर्षे सूर्यास्ताची वेळ, कातरता असली नावे देत आले होते, ती त्या रिकाम्या रकान्यात मला दिसली. तानपुरा सतत ‘सा’ म्हणत असतो आणि गाणारा तिथे येत नाही, असा तो सगळा ताण आहे. मग गायक अखेर षड्जावर आला, आणि वहीत ते लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. ‘म’ च्या रविवारी मारवा पुन्हा आला आणि मी कारणासह तो ओळखला. ‘स’ मध्ये सोहनीही.

‘भ’ वर्णमालेत ‘प’ नंतर आणि ‘म’ च्या आधी येतो, आणि ती पाळी ताईंची होती. हे अक्षर भरगच्च आहे. भूप, भीमपलासी, भटियार, भैरव, भास्करबुवा बखले, भीमसेन जोशी. संगीतशास्त्रकार भातखंड्यांवर प्रश्न होता, त्यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी, म्हणजे रागांच्या मूळ वर्गांपैकी, ‘भ’ चे दोन कोणते. म्हणजे भैरवीचे नाव उत्तरात आले, पण भैरवीचा तुकडा मात्र आला नाही. सहा प्रश्न संपल्यावर धाकट्या काकांनी विचारले, “ताई, भैरवी कशी नाही लावलीत?”

“भैरवी झाली की मैफल उठते,” ताई म्हणाल्या. “अजून ‘म’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत अक्षरं आहेत आपल्याकडे.”

खेळातल्या क्रमाला गाण्यातल्या क्रमाने दिलेले हे एकमेव उत्तर होते, आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. मला त्या क्षणी माझा ‘क’ चा रविवार आठवला.

त्यानंतरची अक्षरे सरत गेली. ‘र’ मध्ये रूपक होता, ज्याच्या समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली असते; ‘ल’ मध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललत; ‘ष’ मध्ये षड्ज, आणि तिथे सतारवाल्या मित्राने मारव्याचाच तुकडा लावून त्यात षड्ज किती वेळा येतो ते मोजायला लावले. ‘क्ष’ ला आमच्यापाशी एकच उत्तर होते: बंगालचे संगीतशास्त्रकार क्षेत्रमोहन गोस्वामी. ‘ज्ञ’ लाही एकच: तबला आणि हार्मोनियम या दोहोंचे जाणकार, अनेक शिष्य घडवणारे ज्ञानप्रकाश घोष. दोघेही बंगालचे निघाले, आणि बंगालीत या अक्षरांचा उच्चार आपल्यासारखा होत नाही. पण आपण नागरीत लिहितो तसे धरायचे, हे पहिल्याच महिन्यात ठरलेले होते.

‘ज्ञ’ चे गुण मोजून झाले तेव्हा ताईंची एक फाइल आली. तिला क्रमांक नव्हता. “हिला प्रश्न नाही,” त्या म्हणाल्या. आम्ही आठहीजणांनी ती एकदम लावली. केसरबाईंची भैरवी होती, व्हॉयेजरवरची, साडेतीन मिनिटांची. आवाज पहिल्या स्वरापासून मोकळा, भरदार, कुठेही न आक्रसणारा. आणि एवढ्याशा वेळात कसलीही घाई नव्हती. संपल्यावर थोरले काका एवढेच म्हणाले, “पुन्हा लावू या.” आम्ही पुन्हा ऐकली. मग त्यांनी मला, ‘क’ च्या दिवशी विचारले होते तसेच, विचारले, “पहिली ओळ?”

मी म्हटली. एका जागी माझा कोमल ऋषभ चढा लागला. ताईंनी थांबवून तो लावून दाखवला, आणि मी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.